रिक्षात मावणारी रेल्वे: पहिला छोटा, फिरता लेआउट कसा बांधावा

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेले छोटे रूळ, स्टेशन आणि भोवतीचा देखावा, बांधायचा ठरला की पहिलं माप घराच्या दाराचं घ्या. मग लिफ्टचं, मग रिक्षाच्या मागच्या सीटचं, आणि शेवटी माळ्यावर किंवा पलंगाखाली रिकाम्या राहिलेल्या जागेचं. ही चार मापं कागदावर उतरल्याशिवाय रुळाचा एक तुकडाही विकत घेऊ नका.

हे मी अनुभवावरून सांगते आहे. माझा पहिला लेआउट सहा फूट बाय तीन फुटांचा होता. घाट, बोगदा, दोन स्टेशनं, सगळं होतं त्यात. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून तो उचलायची वेळ आली, तेव्हा तो खोलीच्या दारातून निघेना. मधोमध कापून दोन तुकडे केले आणि पुढे एकदा धायरीला मैत्रिणीच्या सोसायटीत मुलांना दाखवायला नेला. तिथे उतरवल्यावर पाहते तर जोडावरचे रूळ उचकटलेले. चार मार्ग जोडावरून जात होते आणि त्यातला एकही पलीकडच्या रुळाशी जुळत नव्हता. पंधरा-वीस मुलं भोवती बसली होती आणि गाडी काही हलली नाही. त्या रात्री घरी येऊन दुसऱ्या लेआउटचं चित्र काढलं, ते एका वाक्यावर: जेवढं एका माणसाला एका फेरीत खाली नेता येईल, तेवढंच बांधायचं. आता सांगते आहे तो लेआउट त्याच वाक्यातून निघाला. तो आजवर कितीतरी वेळा रिक्षातून गेला आहे आणि प्रत्येक वेळी चालला आहे.

सुरुवात करण्याआधी एक दुपार काढा आणि पुण्यातल्या कर्वे रस्त्याजवळ, जी. ए. कुलकर्णी पथावरच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन या. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं हे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ते भव्य आहे, आपण करणार आहोत ते ओंजळीएवढं; पण तिथे जवळून पाहायच्या गोष्टी आहेत. सांधा, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सरकते रूळ, बदलताना चाक कुठून कसं सरकतं, खडीचा दाणा गाडीच्या मानाने किती बारीक दिसतो, सिग्नल कुठे उभा आहे. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढची निम्मी कामं सोपी होतात.

प्रमाण ठरवताना

नव्या माणसाला दोनच प्रमाणांचा विचार पुरे: एचओ आणि एन. एचओ म्हणजे खऱ्याच्या १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिमी. एचओचे रूळ हे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजचे आहेत. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये ते १९.३ मिमी व्हायला हवं. त्यामुळे एचओ रुळांवर चालणारी भारतीय गाडी समोरून पाहिली तर पायांत किंचित अरुंद दिसते. सगळे हे चालवून घेतात, तुम्हीही घ्या. स्वतःच्या हाताने १९.३ मिमीचे रूळ घालायचं काम पहिल्या लेआउटला अंगावर घेऊ नये.

आता गाडीची लांबी बघा. एलएचबी जातीचा प्रवासी डबा साडेतेवीस मीटर लांब असतो. एचओमध्ये तो २७ सेंमी होतो. बारा डबे जोडले की सव्वातीन मीटर झाले, इंजिन वेगळंच. पुण्यातल्या कुठल्या हॉलमध्ये अशी गाडी वळणार? म्हणून छोट्या लेआउटला मेल-एक्स्प्रेसचा मोह सोडावा आणि मालगाडीकडे वळावं. एक छोटं शंटिंगचं इंजिन, आठ वाघिणी (मालाचे डबे) आणि एक मालधक्का. यात गाडी गोल गोल फिरत नाही, ती काम करते. वाघीण इथून काढ, तिथे लाव, मधली बाहेर घे. बघणारा माणूस गोल फिरणाऱ्या गाडीपुढे पाच मिनिटं थांबतो, शंटिंगपुढे अर्धा तास.

कमी जागेत मागे-पुढे करून काम साधायचं हे काही खेळण्यातलं तंत्र नाही. आपल्याच बोरघाटात १८६३ मध्ये मार्ग सुरू झाला तेव्हा वळायला जागा नव्हती म्हणून खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशन केलं होतं. गाडी तिथे जाऊन थांबायची आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला तेव्हा ते बंद झालं.

या लेखापुरतं मी एचओ धरून चालते. वाघिणी हातात नीट येतात, मुलांना जोडता-सोडता येतात आणि चाकं रुळांवर ठेवताना डोळ्यांना त्रास होत नाही. घरात जागा अगदीच नसेल तर हाच आराखडा एनमध्ये जवळजवळ निम्म्या लांबीत बसतो.

आराखडा: दोन सांधे, तीन सायडिंगा

हा आराखडा माझा नाही. इंग्लंडमधल्या अ‍ॅलन राइट यांनी तो मांडला आणि 'इंगलनूक' या नावाने जगभर चालतो. एक मार्ग येतो, पहिल्या सांध्यावर त्याचे दोन होतात, त्यातल्या एकाचे दुसऱ्या सांध्यावर पुन्हा दोन. झाल्या तीन सायडिंगा, म्हणजे टोकाला बंद असलेले बाजूचे मार्ग. सर्वांत लांब सायडिंगेत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. आणि ज्या बाजूने मार्ग येतो त्या शेपटीत इंजिन आणि तीन वाघिणी, एवढंच. सगळी गंमत या ५-३-३ च्या मापात आहे. शेपटीत चौथी वाघीण मावली तर कोडं फार सोपं होतं, आणि तिसरी मावली नाही तर सुटतच नाही.

म्हणून आधी वाघिणी आणि इंजिन घ्या, मग फूटपट्टी. दोन वाघिणी जोडून एकीच्या बफरपासून (टोकाला धक्का झेलणाऱ्या खुंटीपासून) दुसऱ्या वाघिणीच्या त्याच बाजूच्या बफरपर्यंतचं अंतर मोजा. ते तुमचं खरं माप. चारचाकी छोट्या वाघिणी साधारण ११ सेंमीच्या असतात, त्यावरून हिशेब असा: तीन वाघिणी ३३ सेंमी, इंजिन १४ सेंमी, थोडी सैल जागा, मिळून शेपटी ५० सेंमी. पुढे छोटा सांधा १७ सेंमी, त्यानंतर शेजारच्या मार्गावरच्या गाडीला धक्का लागू नये म्हणून १० सेंमी मोकळे, मग पाच वाघिणींचे ५५. एवढं ९० सेंमीच्या फळीत बसतं आणि टोकाला गाडी अडवणारा बफर लावायला जागा उरते. तुम्हाला आपली बॉक्सएन (कोळशाची उघडी) वाघीणच हवी असेल तर ती खरी १०.७ मीटर, एचओमध्ये १२.३ सेंमी. मग फळी ९८ सेंमीची करा आणि शेपटी ५५ ची.

ते मोकळे १० सेंमी अंदाजाने सोडू नका. सांधा टेबलावर ठेवा, पुढे रूळ जोडा, एका मार्गावर वाघीण उभी करा आणि दुसऱ्यावरून तुमचं सर्वांत रुंद वाहन हळूहळू सरकवा. जिथे दोन्ही सहज पार होतात तिथे स्लीपरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. खऱ्या यार्डातही दोन मार्ग मिळतात तिथे असाच फाउलिंग मार्क असतो. वाघीण त्याच्या आत उभी राहिली तरच शेजारचा मार्ग मोकळा. खेळताना हा ठिपका फार उपयोगी पडतो.

समांतर मार्गांच्या मध्यांमध्ये ५ सेंमी अंतर ठेवा. त्याहून कमी केलं तर दोन वाघिणींच्या मध्ये बोट जात नाही. फळीची रुंदी २८ सेंमी पुरते.

आता महत्त्वाचं. ही ९० सेंमीची फळी एकसंध ठेवायची आणि शेपटी मात्र वेगळी, काढता येण्याजोगी करायची: ५० सेंमी लांब, १२ सेंमी रुंद. असं केलं की जोडावरून एकच मार्ग जातो, म्हणजे फक्त दोन रूळ जुळवायचे. धायरीला माझे आठ रूळ चुकले होते. दोन्ही सांधे, त्यांच्या तारा, सगळं मोठ्या फळीवर घट्ट राहतं आणि जोड सरळ मार्गावर काटकोनात येतो. वळणावर किंवा सांध्यालगत जोड कधीही घेऊ नका.

कागदावर पूर्ण आकाराचं चित्र काढा. वर्तमानपत्र चिकटवून चालेल. त्यावर रूळ मांडून वाघिणी उभ्या करा आणि दोन संध्याकाळी नुसत्या हाताने ढकलून खेळून बघा. चूक इथेच सापडली तर फुकटात सुधारते.

फळी

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा घराजवळच्या प्लायवाल्याकडे जा. वरच्या पृष्ठभागाला ६ मिमी प्लाय, खालच्या चौकटीला ९ मिमी प्लायच्या ७ सेंमी रुंदीच्या पट्ट्या. पट्ट्या तिथेच मशीनवर कापून घ्या. हाताच्या करवतीने सरळ धार येत नाही आणि चौकट वाकडी झाली की पुढे सगळंच वाकडं. प्लायवर आयएस ३०३ लिहिलेलं असतं तो साधा, ७१० लिहिलेला पाण्याला टिकणारा. आपल्याला ३०३ चालतो, पण दोन्ही बाजूंनी, कडांसकट, सीलर किंवा वॉर्निशचा हात द्यायलाच हवा. एकच बाजू रंगवली तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दुसरी बाजू ओल शोषते आणि फळी पापडासारखी वळते. एमडीएफ स्वस्त मिळतो, तरी घेऊ नका. जड असतो आणि कडेला ओल लागली की फुगतो.

चौकट फेव्हिकॉल आणि बारीक स्क्रूंनी जोडा, मध्ये दोन आडव्या पट्ट्या द्या. त्या आडव्या पट्ट्यांना तारा जाण्यासाठी भोकं आत्ताच पाडून ठेवा. सगळं झाल्यावर फळी साडेतीन किलोच्या आत राहिली पाहिजे. एका हाताने उचलून दार उघडता आलं तर वजन बरोबर आहे.

मी काम करत होते तेव्हा शेजारच्या साइटवरचे सुतारकाका बघायला आले. म्हणाले, "ताई, खाली चार कोपऱ्यांना चार गुटके लावा, नाहीतर जमिनीवर ठेवली की तारा चेपणार." मी ते कधी लक्षातच घेतलं नव्हतं. ७ सेंमीच्या चौकटीखाली आणखी एक सेंमीचे गुटके लावले. फळी कुठल्याही टेबलावर ठेवा, डुगडुगत नाही आणि खाली हात घालून उचलता येते.

जोड

इथे वेळ द्या. बाकी कुठे घाई केलीत तर चालेल, इथे नाही.

शेपटीच्या आणि फळीच्या समोरासमोरच्या टोकांना जाड, १२ मिमी प्लाय लावा. दोन्ही टोकं क्लँपने घट्ट आवळा आणि दोहोंतून एकदम दोन भोकं पाडा. एका बाजूला लाकडी किंवा धातूचा डॉवेल (गोल खुंटी) पक्का बसवा, दुसऱ्या बाजूच्या भोकात तो सरकला पाहिजे पण हलता कामा नये. जागा धरून ठेवायचं काम डॉवेलचं. मधोमध एक एम६ बोल्ट आणि विंग नट, आवळण्यासाठी. नुसत्या बोल्टवर कधी विसंबू नका. बोल्टच्या भोकात मोकळीक असते आणि अर्धा मिलिमीटर सरकला तरी चाक रुळावरून उतरतं.

जोडाच्या दोन्ही कडांना, रुळांखाली, कॉपर क्लॅड बोर्डची, म्हणजे वर तांब्याचा थर असलेल्या पाटीची, बोटभर रुंद पट्टी लावा. हा बोर्ड तपकीर गल्लीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. पट्टी स्क्रूने प्लायला आवळायची. नुसतं चिकटवलेलं पुढे सुटतं. पट्टीवरचं तांबं मधोमध करवतीने खरवडून तोडा, नाहीतर दोन रूळ त्या तांब्यातूनच एकमेकांना जोडले जातील आणि शॉर्ट होईल. मल्टीमीटर बीपवर ठेवून तपासा. बीप वाजली तर अजून खरवडा.

आता दोन्ही भाग डॉवेल-बोल्टने जोडून, आवळून ठेवा आणि रूळ अखंड, जोडावरून सरळ आरपार टाका. पट्टीवर येतात तेवढे प्लास्टिकचे स्लीपर काढून टाका. रुळाची खालची कड कानशीने घासा, फ्लक्सचा थेंब लावा, ४० ते ६० वॅटची सोल्डरिंग गन टेकवून शिसं वाहू द्या. शिसं चकचकीत पसरलं पाहिजे. गोळा होऊन बसलं तर तो डाग कच्चा. चारही जागा डागल्या की थंड होऊ द्या. आणि मग, दोन्ही भाग अजून जोडलेलेच असताना, बारीक दातांच्या करवतीने किंवा छोट्या ग्राइंडरच्या पातळ चकतीने बरोबर जोडावर रूळ कापा. चकती वापरणार असाल तर डोळ्यांना गॉगल लावाच, ती फुटते.

विंग नट सोडा, शेपटी बाजूला करा, परत लावा. कापलेल्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर जोड जमला. माझ्या दुसऱ्या लेआउटचा जोड पहिल्यांदा नख न अडकता गेला तेव्हा मी रात्री अकरा वाजता घरातल्या सगळ्यांना नख फिरवायला लावलं होतं.

शेपटीच्या मोकळ्या टोकाला अ‍ॅक्रिलिकची पट्टी उभी लावा. तिथून इंजिन खाली पडलं तर ते दुरुस्त होणार नाही.

रूळ आणि सांधे

फळीवर ३ मिमी कॉर्क शीट चिकटवा, वर रूळ. चिकटवायला पाणी घातलेला फेव्हिकॉल. पुढे काही बदलायचं झालं तर ओलं फडकं ठेवून रूळ अलगद सुटतात. रुळांच्या तुकड्यांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत लेआउट तापतो आणि रूळ वाढतात. फट नसेल तर ते कमानीसारखे वर येतात.

सांध्यांना मोटर लावू नका. सायकलचा स्पोक घ्या, सायकलच्या कुठल्याही दुकानात जुने मिळतात. एक टोक काटकोनात वाकवून सांध्याच्या सरकत्या पट्टीत अडकवा, दुसरं टोक फळीच्या पुढच्या कडेला लावलेल्या स्लाइड स्विचच्या खुंटीत. स्विच सरकवला की सांधा सरकतो, आणि त्याच स्विचने सांध्याच्या मधल्या क्रॉसिंगला (दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेला) बरोबर धनभार-ऋणभार मिळतो. त्यासाठी स्विच दोन जागांचा, सहा पिनांचा घ्या आणि सांधा धातूच्या क्रॉसिंगचा. प्लास्टिकच्या क्रॉसिंगवर चार चाकांचं छोटं इंजिन वीज न मिळून थबकतं, आणि शंटिंगमध्ये इंजिन दर मिनिटाला सांध्यावरूनच जातं. क्रॉसिंगमधून पुढे जाणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना इन्सुलेटेड जॉइनर (वीज अडवणारी रुळांची जोडपट्टी) लावायला विसरू नका.

वीज

रुळांमध्ये १२ व्होल्ट डीसी. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टर, त्यापुढे पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर, त्यापुढे दिशा बदलायचा मध्ये-बंद असलेला डीपीडीटी स्विच. सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात बसवा. बाहेर येणाऱ्या तारेवर १ अँपिअरचा पॉलिफ्यूज घाला. रुळांवर कुणी किल्ली टाकली तर तो तापून वीज तोडतो, थंड झाला की आपोआप चालू होतो.

अमेरिकेहून कुणी जुना पॉवर पॅक आणून दिला तर तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावू नका. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्ट, आपला २३०. ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जळताना धूर करतो.

प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतःची तार जोडा. रुळांच्या जॉइनरमधून वीज जाईल अशी आशा ठेवली तर ती सहा महिने जाते, मग पावसाळ्यात काळे डाग पडून बंद होते. डावा रूळ लाल, उजवा काळा, हा नियम पहिल्या तारेपासून पाळा. शेपटीला वीज न्यायला चार पिनांचा माइक-कनेक्टर वापरा. तो उलटा बसतच नाही.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या सुती बनियनचा तुकडा. पॉलिश पेपरने घासू नका, बारीक चरे पडतात आणि त्यात मळ आणखी बसतो.

आणि वाघिणींना वजन द्या. अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेची एचओसाठी शिफारस आहे: मूळ २८ ग्रॅम, वर लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. ११ सेंमीच्या वाघिणीला ते ९० ग्रॅमच्या आसपास येतं. हलकी वाघीण मागे ढकलताना उडते. टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करायला चिकटवतात त्या ५ ग्रॅमच्या वजनांच्या पट्ट्या मागून घ्या, वाघिणीच्या पोटात छान बसतात. सगळ्यांना एकाच जातीचे कपलर (वाघिणी जोडणारे आकडे) लावा. सोडवायला बांबूची बारीक काडी, टोकाला तासलेली.

डोंगर, मुरूम आणि नारळाची शेंडी

ज्याने लहानपणी दिवाळीत किल्ला केला आहे त्याला देखावा शिकवावा लागत नाही. फरक एवढाच, की किल्ल्याला गोणपाट आणि चिखल चालतो, इथे ग्रॅम-ग्रॅम मोजायचा असतो. डोंगराला प्लास्टर ऑफ पॅरिस नको. जड होतं आणि रिक्षाच्या दणक्याने तडे जातात. ५ मिमी सनबोर्डच्या फासळ्या उभ्या करा, त्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, वर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेले टिश्यू पेपरचे तीन थर. वाळलं की ढोलकीसारखं वाजतं आणि वजन जवळजवळ शून्य.

आकार देताना आपला डोंगर आठवा. सिंहगडाच्या वाटेवरून समोर बघितलं तर सह्याद्री पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो: काळ्या कड्याची एक पट्टी, खाली गवताचा उतार, परत कड्याची पट्टी. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले त्याचा तो आकार. परदेशी चित्रांतले टोकदार डोंगर केलेत तर बघणाऱ्याला कारण कळणार नाही, पण हे पुण्याजवळचं नाही हे लगेच कळेल.

माती म्हणून मुरूम घ्या. कुठेही खोदकाम चालू असेल तिथे मूठभर मिळतो. जुन्या तव्यावर पंधरा मिनिटं भाजा म्हणजे पुढे बुरशी येत नाही. आधी पिठाच्या चाळणीने, मग चहाच्या गाळणीने, शेवटी जुन्या ओढणीच्या तुकड्यातून चाळा. तीन जाडीचे दाणे वेगवेगळे ठेवा. आणि आता एक महत्त्वाची गोष्ट: हा मुरूम बेसॉल्टचा, आणि बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चाळलेल्या मातीवरून फिरवा. पिशवीवर काळी लव उभी राहते. पिशवी उलटी करून ती फेकून द्या, पुन्हा फिरवा, लव येईनाशी होईपर्यंत. ही पायरी गाळली तर तीच लव इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटते आणि मोटर घासू लागते. माझं पहिलं इंजिन उघडलं तेव्हा आतली लव बघून मला कळलंच नाही की हे आलं कुठून. नंतर चुंबक हातात धरून कुंडीतल्या मातीत घातलं आणि उलगडा झाला.

खडीही याच चाळणीतून. आपल्या रुळांखालची खडी जास्तीत जास्त ६५ मिमीची, म्हणजे एचओमध्ये पाऊण मिलिमीटर. जाड रव्याएवढा दाणा. कोरडी पसरा, ब्रशने स्लीपरच्या मध्ये सारखी करा, वर पाण्याचा बारीक फवारा. त्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर पाणी खडीवर मण्यांसारखं तरंगतं. मग निम्मं पाणी घातलेला फेव्हिकॉल इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब-थेंब सोडा. सांध्याच्या हलत्या भागाजवळ बोटभर जागा कोरडीच ठेवा.

ऋतू कुठला हवा ते ठरवा. मी दिवाळीनंतरचा घेतला: टेकड्यांवरचं गवत सोनेरी पडलेलं. त्याला नारळाच्या शेंडीइतकं चांगलं काही नाही. बारीक कातरा, फेव्हिकॉलवर उभी शिंपडा, फुंकर मारा. रंग द्यावाच लागत नाही. झाडांसाठी वाळलेल्या मंजिऱ्यांच्या काड्या सुरेख, अगदी फांद्यांसारख्या. तुळशीच्या वापरणार होते, सासूबाई म्हणाल्या तुळस नको, म्हणून सब्जाच्या घेतल्या. त्या सारख्याच दिसतात. बाभूळ करायची असेल तर वरचा घुमट कातरून छत्रीसारखा सपाट करा. एक पांगारा करा, लाल ठिपक्यांचा. एकच. तीन केले तर बघणाऱ्याची नजर गाडीवर ठरत नाही.

मालधक्क्याच्या दगडी भिंती सनबोर्डवर रिकाम्या बॉलपेनने रेघा ओढून होतात. रेघा एका मापाच्या नकोत. पत्र्याच्या छपरासाठी जुनी युक्ती: बिस्किटाच्या पुड्यातला चांदीचा कागद बारीक दातांच्या फणीवर ठेवून पेन्सिलीच्या मागच्या रबराने दाबा. फणीच्या दातांचं अंतर एचओमधल्या पन्हळी पत्र्याच्या फार जवळ जातं. वर करड्या रंगाचा हात, कडेला गंजाचा पुसट स्पर्श. दाराची उंची २४ मिमी, माणसाची १९ ते २०. ही दोन मापं भिंतीवर चिकटवून ठेवा.

जोडाची जागा एका रस्त्याच्या पुलाखाली लपवा. इंजिन पुलाखालून शेपटीत जातं आणि परत येतं, बघणाऱ्याला वाटतं पलीकडे आणखी स्टेशन आहे.

न्यायची तयारी

डोंगर आणि पूल यांच्यापेक्षा दोन बोटं उंच अशी, ९० बाय २८ ची हलकी झाकणपेटी ४ मिमी प्लायची करा. शेपटी झाकणाच्या आत वेल्क्रोने बांधा. वाघिणी आणि इंजिन कधीही रुळांवर ठेवून नेऊ नका. त्यांचा वेगळा डबा, आत फोमचे खण. सोबत एक पिशवी: एक्स्टेंशन बोर्ड, मल्टीमीटर, सोल्डरिंग गन, सुती फडकं, अल्कोहोल, जादा विंग नट. विंग नट हमखास हरवतो. पिशवीतलं सामान झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा आणि परत निघताना वाचा.

पोचल्यावर आधी जोड, मग कनेक्टर, मग रूळ पुसणं, मग रिकामं इंजिन तीनही सायडिंगांत एकदा. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. जास्त लागत असतील तर घरी दोन-तीनदा घड्याळ लावून उघड-बंद करून बघा.

आणि खेळ असा. आठ वाघिणींना १ ते ८ आकडे द्या, आठ चिठ्ठ्या करा. पाच वाघिणी लांब सायडिंगेत, तीन एका आखूड सायडिंगेत उभ्या करा, उरलेली आखूड सायडिंग मोकळी. मुलाला डोळे मिटून पाच चिठ्ठ्या काढायला सांगा. ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगेत लावायची. वाघीण हाताने उचलायची नाही. पाच चिठ्ठ्यांचे क्रम ६७२० होतात, त्यामुळे तेच कोडं सहसा पुन्हा येत नाही. धायरीच्या त्याच सोसायटीत दुसऱ्यांदा गेले तेव्हा चौथीतल्या एका मुलीला पहिली गाडी लावायला पंचवीस मिनिटं लागली. तिची आई दोनदा बोलवायला आली आणि दोन्ही वेळा तिथेच उभी राहून बघत बसली. मोठ्यांनी मध्ये सुचवू नये, एवढं मात्र आधीच सांगून ठेवा. पाचवी वाघीण लागली की चिठ्ठ्या परत डब्यात टाकायच्या आणि कंट्रोलर पुढच्याच्या हातात द्यायचा.